पेशव्यांचा नळ आणि कानाचा ठणका

मे महिन्यात कात्रज, धनकवडी, सहकारनगर या भागातल्या तरण तलावांवर सकाळच्या बॅचला जागा मिळणं कठीण असतं. दोन-तीन आठवडे गेले की त्याच मुलांपैकी काही जण कानावर हात धरून घरी येतात. आधी नुसती खाज असते, मग उशीला कान टेकवता येऊ नये असा ठणका सुरू होतो. घरात लसूण घालून तेल तापतं, कानात काडी फिरते आणि दुखणं वाढतं. या दुखण्याबद्दल लिहायला बसलं आणि पत्ता कात्रजचा असला, की एक नाव टाळता येत नाही. ते म्हणजे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे. त्यांची ख्याती पोहण्यासाठी नाही. पण पाणी कुठे वाहतं ठेवायचं आणि कुठे थांबू द्यायचं, हा प्रश्न पुण्यात त्यांच्याइतक्या मनावर क्वचितच कुणी घेतला असेल. पोहणाऱ्यांच्या कानाचं दुखणंही नेमकं याच प्रश्नातून उभं राहतं.

नानासाहेबांचा जन्म ८ डिसेंबर १७२० चा. वडील थोरले बाजीराव, आई काशीबाई. वडिलांचं आयुष्य घोड्यावर गेलं. मुलाची जडणघडण मात्र बरीचशी साताऱ्याच्या दरबारात, शाहू महाराजांच्या नजरेखाली आणि काका चिमाजी अप्पांच्या हाताखाली झाली. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव अचानक गेले आणि त्याच वर्षी अवघ्या एकोणिसाव्या वर्षी नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रं मिळाली. वर्ष संपायच्या आत चिमाजी अप्पाही गेले. राज्य वाढलेलं, कर्ज त्याहून वाढलेलं आणि सल्ला द्यायला वडील आणि काका दोघेही उरलेले नाहीत, अशी ती सुरुवात होती.

वडिलांसारखा रणधुरंधर म्हणून नानासाहेबांचं नाव घेतलं जात नाही. त्यांचं खरं बळ कागदावर होतं. जमाखर्च, वसुली, सावकारांशी व्यवहार, कुणाला कुठे नेमायचं आणि कुणाचा हिशेब कधी तपासायचा, यात त्यांचा हात धरणारे थोडे होते. पानिपतामुळे त्यांच्या कारकिर्दीचा निकाल एका ओळीत लावायची आपल्याला सवय लागली आहे. तो निकाल सर्वस्वी चुकीचा नाही. १७५६ मध्ये इंग्रजांची मदत घेऊन त्यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार बुडवू दिलं, ही चूकही त्यांच्याच नावावर आहे. तरी ज्या पुण्यात आपण राहतो त्याचा पाया कुणी घातला हे पाहायला गेलं, की पुन्हा त्यांच्याचपाशी यावं लागतं.

शनिवारवाडा बाजीरावांनी बांधला, पण भोवतीचं गाव तसं लहानच होतं. नानासाहेबांच्या काळात ते भराभर फुगलं. नव्या पेठा वसल्या, सरदारांचे वाडे उठले, शागीर्द, कारकून, सावकार, विणकर, भिक्षुक सगळे येऊन राहिले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले आणि सत्तेचं केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकलं. माणसं वाढली की पहिली ओढाताण पाण्याची होते. मुठा होती, आड-विहिरी होत्या, पण उन्हाळ्यात नदीचा ओघ रोडावतो आणि दाट वस्तीतल्या विहिरीचं पाणी कशाकशाने बिघडतं हे सांगायला नको. उलट पावसाळ्यात आंबिल ओढा वस्तीच्या अंगावर यायचा. नानासाहेबांनी तो ओढा वळवला. पर्वतीच्या पायथ्याशी, आज सारसबाग आहे तिथे, तळं करवलं. पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर उभारलं. आणि साधारण त्याच सुमारास, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, शहराला पाणी आणण्यासाठी दक्षिणेकडच्या डोंगरात नजर टाकली.

कात्रज पुण्यापेक्षा उंचावर आहे. तिथे अडवलेलं पाणी उताराने आपोआप शहरात येऊ शकतं, मोट नको की रहाट नको. म्हणून घाटाच्या पायथ्याशी बांध घालून तलाव झाले आणि तिथून शनिवारवाड्याच्या दिशेने सुमारे आठ किलोमीटरचा दगडी भुयारी नळ निघाला. नळ म्हणजे आजच्यासारखी तोटी किंवा पाइप नव्हे. माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी एवढा बांधीव बोगदा. शहरात शिरल्यावर त्याला फाटे फुटत आणि पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही नावं जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. वाड्यातली कारंजीही याच पाण्यावर उडत.

या बांधकामातल्या तीन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे तलाव दोन आहेत, वरचा आणि खालचा. डोंगरावरून आलेलं गढूळ पाणी आधी वरच्या तलावात थांबतं, गाळ खाली बसतो आणि वरचं निवळ पाणी खालच्या तलावात उतरतं. दुसरी, नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी खोलगट जागा ठेवल्या होत्या, म्हणजे उरलासुरला गाळही शहरापर्यंत पोचू नये. तिसरी, नळावर जागोजाग उच्छ्वास होते, जमिनीच्या वर डोकावणारे दगडी धुराड्यांसारखे मनोरे. त्यांतून हवा आत-बाहेर होई, आत कोंडलेल्या हवेने पाणी अडत नसे आणि सफाईसाठी उतरायची सोयही होई. जंतू नावाची गोष्ट अठराव्या शतकातल्या पुण्यात कुणाला ठाऊक नव्हती. पण गाळ बसायला पाण्याला विसावा लागतो, नळात मात्र ते वाहतं राहिलं पाहिजे आणि बंद जागेला हवा लागते, एवढं त्या कारागिरांनी पक्कं ओळखलं होतं.

आता कान पाहू. कानाच्या पाळीपासून पडद्यापर्यंत जाणारी नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, थोडी वाकडी असते. बाहेरच्या भागात कूर्चा, केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला भाग हाडाचा, त्यावर कागदासारखी पातळ कातडी. टोकाला पडदा. म्हणजे हा नळ एका बाजूने कायमचा बंद. कात्रजच्या नळाला पुढे हौद होता, वर उच्छ्वास होते. कानाला उच्छ्वास एकच, तोही बाहेरचं तोंड. आत गेलेलं पाणी आल्या वाटेनेच परत यायला हवं आणि नळीच्या वाकणामुळे, मळाच्या गोळ्यामुळे ते आतच अडकून बसतं.

कानाची स्वतःची सफाईची व्यवस्था मात्र पेशव्यांच्या कारागिरांना हेवा वाटावा अशी आहे. नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, साधारण नख वाढतं त्या गतीने. तिच्याबरोबर मळ, धूळ, मेलेल्या पेशी बाहेर येतात. मळ चिकट आणि किंचित आम्ल असतो. तो पाणी कातडीत मुरू देत नाही आणि जंतूंना जम बसवू देत नाही. मळाला आपण घाण म्हणतो, हा त्याच्यावर अन्याय आहे. तो या नळाचा चुना आहे, आतून दिलेला लेप.

रोज तासभर पाण्यात राहणाऱ्याच्या कानातला हा लेप धुऊन जातो. ओली राहिलेली कातडी फुगते, मऊ पडते, भांडी घासून बोटांना सुरकुत्या पडतात तशी. खाज सुटते. मग मूल बोट घालतं, आई काडी घालते, नखाने बारीकसा ओरखडा उठतो आणि जंतूंना दार मिळतं. हे जंतू बहुतेक वेळा दोन प्रकारचे असतात, सुडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस. यातला सुडोमोनास हा पाण्याचा रहिवासी. तलावात, साचलेल्या डबक्यात, नीट न राखलेल्या तरण तलावात तो सुखाने राहतो. १८८२ मध्ये कार्ल जेसार या फ्रेंच संशोधकाने जखमेच्या पट्ट्यांना येणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा शोध घेताना त्याला वेगळं काढलं. नानासाहेबांना जाऊन तेव्हा एकशे एकवीस वर्षं झाली होती. गाळाचा कण तळाशी बसतो. एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जंतू मात्र पाण्यात तरंगत राहतो. निवळ दिसणारं पाणी आणि निर्जंतुक पाणी यांत हा फरक आहे. पाणी आरपार दिसतंय म्हणून ते कानाला सुरक्षित आहे, असं म्हणता येत नाही.

दुखणं ओळखायची एक सोपी खूण आहे. कानाची पाळी हलकेच ओढली किंवा कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबला आणि कळ आली, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीचं आहे. सर्दी-खोकल्यानंतर येणारा, ताप घेऊन येणारा लहान मुलांचा कान बहुतेक वेळा पडद्यामागचा, मधला असतो. त्यात पाळी ओढल्याने सहसा काही होत नाही. या दोन दुखण्यांचे उपचार वेगळे आहेत, म्हणून शेजारच्या मुलाला दिलेले थेंब आपल्या मुलाच्या कानात घालू नयेत.

इथे कात्रजचं आणखी एक देणं आठवतं. शाहिस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज भलत्याच वाटेने सुखरूप गेले, ही गोष्ट मराठी घरात पाळण्यापासून ऐकू येते. कात्रजचा घाट दाखवणं हा वाक्प्रचार त्यातूनच आला. सुजलेला कान आपल्याला असाच घाट दाखवतो. नळी सुजून अरुंद झाली की कान बंद झाल्यासारखा वाटतो. आपल्याला वाटतं आत पाणी अडकलंय, मळ अडकलाय. मग आपण त्या पलित्यांमागे धावतो, कापसाची काडी खोल घालतो, तेल ओततो, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढतो. काडीने मळ बाहेर येण्याऐवजी आत ठासला जातो. तेलाने आतला ओलावा कोंडतो. गरम तेलाने भाजतं, आणि पडद्याला आधीच भोक असेल तर ते मधल्या कानात उतरतं. पावसाळ्यात याच ओल्या, तेलकट नळीत बुरशी धरते. कानात सतत खाज आणि काळे-पांढरे ठिपके असलेला ओलसर मळ ही तिची खूण. बुरशीला प्रतिजैविकाचे थेंब चालत नाहीत, उलट ती वाढू शकते.

डॉक्टर काय करतात? आधी कान पाहतात. मग आतली घाण शोषून किंवा पुसून काढतात, कारण ती असेपर्यंत औषध कातडीला लागत नाही. नंतर प्रतिजैविकाचे थेंब, बरेचदा सूज उतरवणाऱ्या औषधासह, साधारण सात ते दहा दिवस. नळी फारच सुजली असेल तर थेंब आत झिरपावेत म्हणून बारीक वात ठेवतात. पोटात घ्यायच्या प्रतिजैविक गोळ्या बहुतेकांना लागत नाहीत. ठणक्यासाठी वयाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. थेंब घालताना बाटली मुठीत धरून कोमट करावी, गार थेंबांनी घेरी येते. कान वर करून आडवं झोपावं आणि चार-पाच मिनिटं तसंच राहावं. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी थेंब बंद करू नयेत. या काळात पोहणं बंद. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, आणि अंघोळ झाली की काढून टाकावा.

एका गोष्टीबाबत हयगय नको. मधुमेह असलेल्या, विशेषतः वयस्क माणसाचा कान पोहून आल्यावर किंवा नुसता धुतल्यावर दुखू लागला, रात्री झोप लागू नये इतका ठणका असला, तर तो जंतू कातडीवरून हाडात उतरत असण्याची शक्यता असते. तिथून तो कवटीच्या तळापर्यंत, चेहऱ्याच्या नसेपर्यंत जातो आणि तोंड वाकडं होऊ शकतं. हे दुखणं जिवावर बेततं. आजी-आजोबांचा कान दुखतोय म्हटल्यावर घरी चार दिवस वाट पाहायची नाही, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं. कानामागे सूज, ताप, चक्कर किंवा ऐकू येणं एकदम कमी होणं ही लक्षणं असतील तर कोणत्याही वयात तीच घाई करावी.

नानासाहेबांना त्यांच्या शहराचं सुख फार काळ पाहता आलं नाही. १७५० चं दशक वाढत्या सत्तेचं होतं. मराठी घोडी अटकेपर्यंत पोचली, उदगीरला निजामाचा पराभव झाला. पण कर्जाचा डोंगर कमी होईना आणि नानासाहेबांची प्रकृतीही खालावत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलत भाऊ सदाशिवराव दोघेही पडले. नानासाहेब मदतीला उत्तरेकडे निघाले होते. भेलशाजवळ त्यांना बातमी कळली. एका सावकाराच्या पत्रातून, मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत, असं सांगतात. हिशेब वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सर्वात मोठा तोटाही हिशेबाच्याच भाषेत कळावा, हे ऐकताना आजही अंगावर येतं. ते परतले ते खचूनच. २३ जून १७६१ रोजी, पावसाळ्याच्या तोंडाशी, स्वतःच वसवलेल्या पर्वतीवर त्यांचा देह पडला. वय चाळीस. मागे सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला, आणि अकरा वर्षांनी तोही क्षयाने गेला.

नळ मात्र चालू राहिला. नाना फडणवीसांनी पुढे आंबेगावहून सदाशिव पेठेच्या हौदापर्यंत तसाच दुसरा नळ आणला. पेशवाई बुडाली तरी कात्रजचं पाणी पुण्याच्या हौदांत पडत होतं. १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण झालं, मग घरोघरी तोट्या आल्या आणि हौद हळूहळू विसरले गेले. कात्रजचा तलाव आज नानासाहेबांच्याच नावाने ओळखला जातो, शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, संध्याकाळी फिरायला माणसं येतात. पण ज्या डोंगरउतारावरून फक्त माती यायची तिथे आता वस्ती आहे. सांडपाणी आणि जलपर्णीच्या बातम्या इथल्या वाचकांना नव्या नाहीत. वरचा तलाव गाळ थोपवेल, मैला थोपवणार नाही. आणि वळवलेला आंबिल ओढाही आपली जुनी ताकद विसरलेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो कात्रजपासून खाली घराघरांत शिरला आणि माणसं घेऊन गेला.

म्हणून पहिली गोष्ट, कात्रजच्या तलावात किंवा ओढ्याच्या डोहात पोहायला उतरू नये. बुडण्याचा धोका आहेच. शिवाय तिथल्या पाण्यात डोकं बुडवणं म्हणजे कानाला आमंत्रण. पोहायचं ते राखलेल्या तरण तलावात. बाहेर आल्यावर डोकं एका बाजूला झुकवून पाळी हलकेच मागे-वर ओढावी, म्हणजे नळी जरा सरळ होते आणि पाणी निथळतं. मग दुसरी बाजू. टॉवेलच्या टोकाने फक्त बाहेरचा भाग टिपावा. केस वाळवायचं यंत्र असेल तर अगदी कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून थोडा वेळ वारा द्यावा. हा आपला उच्छ्वास. वारंवार दुखणं होणाऱ्यांना डॉक्टर पोहल्यानंतर घालायचे आम्ल थेंब सुचवतात, पण पडद्याला भोक असणाऱ्यांनी किंवा कानात नळी बसवलेल्या मुलांनी ते स्वतःहून घालू नयेत.

आणि मुलाचं नाव घालण्याआधी तलावावर जाऊन नोंदवही मागावी. मोकळं क्लोरिन दर दहा लाख भागांत किमान एक भाग आणि सामू ७.२ ते ७.८ असायला हवा. दोन्ही आकडे दिवसातून अनेकदा मोजून लिहिलेले असायला हवेत. क्लोरिनचा उग्र वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. तो वास घाम आणि लघवीशी मिसळून आधीच कामी आलेल्या क्लोरिनचा असतो. वही नाही म्हणाले, किंवा महिनाभराचे आकडे एकाच पेनाने एकाच दिवशी भरलेले दिसले, तर दुसरा तलाव शोधा.